पैशानं टीम विकत मिळते का?

समजा, तुमच्या आळीची क्रिकेट टीम गेली कित्येक वर्षं पहिल्याच फेरीत हरतेय. बॅट एकच, तिलाही चिकटपट्टी लावलेली. आणि एके दिवशी काय होतं, तर याच आळीत लहानाचे मोठे झालेले, धंद्यात गडगंज पैसा कमावलेले एक काका येतात आणि म्हणतात, "पोरांनो, खर्चाची काळजी सोडा. हवे ते खेळाडू आणा, पण यंदा कप आपल्या आळीत आला पाहिजे!"

आता सांगा, तुम्ही काय कराल? दुसऱ्या टीमचा तो षटकार ठोकणारा बॅट्समन आणाल? की फास्ट बोलर? की विकेटकीपर? आणि हे ठरवणार कोण? पैसे देणारे काका, कॅप्टन, की सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मुलगा?

तुम्ही म्हणाल, असं फक्त स्वप्नात होतं. नाही दोस्तांनो! इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबच्या बाबतीत हे खरोखर घडलं, आणि एकदा नव्हे, दोनदा. पहिला श्रीमंत मालक होता त्याच गावचा. दुसरे मालक होते चक्क आपल्या पुण्याचे! पहिल्या वेळी क्लब देशात पहिला आला. दुसऱ्या वेळी तो घसरत घसरत तिसऱ्या विभागात गेला. क्लब तोच, मैदान तेच. मग फरक पडला कुठे? चला, शोधून काढू या.

धोतरं विणणारं गाव

इंग्लंडच्या वायव्येला लँकेशायर नावाचा परगणा आहे. तिथलं ब्लॅकबर्न हे लाख-सव्वा लाख वस्तीचं शहर. एके काळी तिथे कापडगिरण्यांच्या धुराड्यांची नुसती दाटी होती. आणि त्या गिरण्या विणत काय होत्या ठाऊक आहे? धोतरं! इंग्लंडात धोतर नेसतं कोण? ती सगळी जहाजात भरून हिंदुस्थानात यायची. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या वडिलांचं धोतर कदाचित ब्लॅकबर्नला विणलेलं असेल. पुढे स्वदेशीची चळवळ झाली आणि या गिरण्यांना मोठा फटका बसला. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले, तेव्हा ते मुद्दाम या भागात आले. ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेन गावी त्यांनी गिरणी कामगारांची भेट घेतली. त्या वेळचा हसणाऱ्या कामगार बायकांच्या घोळक्यातला त्यांचा फोटो तुम्ही कदाचित पाहिलाही असेल.

या शहराचा क्लब म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स. स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये इंग्लंडात जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. अर्धा निळा, अर्धा पांढरा शर्ट, आणि बोधवाक्य लॅटिनमधलं. त्याचा अर्थ, 'कौशल्याने आणि कष्टाने'. १९१२ आणि १९१४ साली रोव्हर्सनी लीग जिंकली. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. गिरण्या बंद पडत गेल्या, क्लबही मागे पडत गेला. १९६६ मध्ये टीम पहिल्या विभागातून घसरली ती घसरलीच. पुढची पंचवीस वर्षं ती दुसऱ्या आणि काही काळ तिसऱ्या विभागात धडपडत राहिली. 'आमचा क्लब चँपियन होता' हे मुलांना सांगायला आजोबाच लागायचे!

पत्र्याच्या धंद्यातला जॅक

आता आपले काका येतात. त्यांचं नाव जॅक वॉकर. जन्म १९२९ चा, ब्लॅकबर्नचाच. वडिलांचा पत्र्याच्या कामाचा छोटासा धंदा होता. जॅक लहान वयातच शाळा सोडून त्या धंद्यात शिरला. पुढे भाऊ फ्रेडच्या साथीनं त्यानं तो इतका वाढवला, की ब्रिटनमधल्या पोलादाच्या बड्या व्यापाऱ्यांत त्याची गणना होऊ लागली. शेवटी तो धंदा 'ब्रिटिश स्टील' या कंपनीनं तीस कोटी पौंडांहून जास्त किंमत मोजून घेतला.

एवढा पैसा हातात आल्यावर एखाद्यानं समुद्रकाठी बंगला बांधून आराम केला असता. वॉकर जर्सी बेटावर राहत होता खरा, पण त्याचं मन ब्लॅकबर्नच्या मैदानावरच होतं. लहानपणापासून तो रोव्हर्सचा पाठीराखा. १९९१ च्या जानेवारीत त्यानं क्लब ताब्यात घेतला. त्याला ही टीम इंग्लंडात पहिली आणायची होती. लोकांनी कौतुक केलं आणि गालातल्या गालात हसलेही. दुसऱ्या विभागात तळाशी रेंगाळणारी टीम मँचेस्टर युनायटेडला मागे टाकणार?

ट्रान्स्फर म्हणजे काय?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. हातोडा पडला, की खेळाडू त्या टीमचा. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये असा लिलाव नसतो. तिथे प्रत्येक खेळाडूचा त्याच्या क्लबशी काही वर्षांचा करार असतो. करार संपायच्या आत तो दुसऱ्या क्लबला हवा असेल, तर त्या क्लबनं पहिल्या क्लबला भरपाई द्यायची. तिला म्हणतात ट्रान्स्फर फी. हे पैसे खेळाडूच्या खिशात जात नाहीत, क्लबला जातात. खेळाडूला मिळतो तो पगार, आणि तो वेगळा ठरवावा लागतो.

म्हणजे एक खेळाडू आणायला तिघांचा होकार लागतो. विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि स्वतः खेळाडू. पैसे कितीही असोत, खेळाडू 'मला नाही यायचं' म्हणाला, की सगळं मुसळ केरात! आणि ब्लॅकबर्नसारख्या आडगावच्या दुसऱ्या विभागातल्या टीमकडे नावाजलेला खेळाडू यायचा तरी कशाला?

आधी माणूस, मग खेळाडू

वॉकरची पहिली मोठी भरती कुणाची होती, ओळखा पाहू! ती खेळाडूची नव्हतीच. ती होती मॅनेजरची. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे ऑफिसातला साहेब नव्हे. टीम निवडायची, सराव घ्यायचा, डावपेच आखायचे आणि त्या काळी कुठला खेळाडू विकत घ्यायचा हेही ठरवायचं, असा तो सर्वेसर्वा.

केनी डलग्लिश हे नाव तेव्हा इंग्लंडात पोरासोरांनाही पाठ होतं. लिव्हरपूलचा तो महान खेळाडू. नंतर मॅनेजर म्हणूनही त्यानं लिव्हरपूलला १९८६, १९८८ आणि १९९० अशी तीनदा लीग जिंकून दिली. १९९१ च्या फेब्रुवारीत कामाचा ताण असह्य झाल्यानं त्यानं राजीनामा दिला होता. वॉकरनं त्याला गाठलं आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये डलग्लिश चक्क दुसऱ्या विभागात उतरला. सोबत सहायक म्हणून अनुभवी प्रशिक्षक रे हारफर्ड.

या एका भरतीनं अर्धी लढाई जिंकली. का? कारण पुढे एखाद्या खेळाडूला विचारायची वेळ आली, की प्रश्न 'ब्लॅकबर्नला येतोस का?' असा राहिला नाही. तो झाला 'डलग्लिशच्या टीममध्ये येतोस का?' आता बोला!

डलग्लिशनं पहिल्याच वर्षी काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. वॉकरची तिजोरी उघडी असताना तो परदेशातल्या चमकत्या ताऱ्यांच्या मागे लागला नाही. बचावासाठी त्यानं कॉलिन हेन्ड्रीला परत बोलावलं. हा धिप्पाड, सोनेरी केसांचा स्कॉटिश गडी पूर्वी ब्लॅकबर्नकडूनच खेळलेला होता. मधल्या फळीत तेहतीस वर्षांचा गॉर्डन कॉवन्स आला. पाय थोडे मंदावलेले, पण डोकं तल्लख. पुढच्या फळीत माइक न्यूएल आणि पुढे कॅप्टन झालेला टिम शेरवूडही याच मोसमात आले. मोसमाच्या मध्यात न्यूएलचा पाय मोडला आणि टीम घसरू लागली. कशीबशी सहावी येऊन ती प्ले-ऑफमध्ये पोचली. २५ मे १९९२ ला वेंब्लीच्या मैदानावर लेस्टरशी अंतिम सामना झाला. पायाच्या दुखापतीतून नुकत्याच उठलेल्या त्याच न्यूएलनं पेनल्टीवर गोल केला. १-० ! सव्वीस वर्षांनी ब्लॅकबर्न वरच्या विभागात आलं. आणि नेमक्या त्याच वर्षी त्या विभागाचं नवं नाव ठरलं होतं, प्रीमियर लीग.

शिअरर आला!

आता खरी मजा सुरू झाली. साउदॅम्प्टनकडे अ‍ॅलन शिअरर नावाचा एकवीस वर्षांचा सेंटर फॉरवर्ड होता. मँचेस्टर युनायटेडचाही त्याच्यावर डोळा होता. जुलै १९९२ मध्ये ब्लॅकबर्ननं त्याच्यासाठी ३३ लाख पौंड मोजले. तेव्हाच्या भावानं पंधरा कोटी रुपयांहून जास्त! ब्रिटनमधला तो विक्रम ठरला. 'एवढ्याशा पोरावर एवढे पैसे?' म्हणून अनेकांनी भुवया उंचावल्या. त्या पोरानं लीगच्या पहिल्या २१ सामन्यांत १६ गोल ठोकून उत्तर दिलं. आणि मग डिसेंबरात गुडघ्याला जबर दुखापत होऊन उरलेला मोसम तो बाहेर बसला. तरीही टीम चौथी आली.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गोल करणारा कितीही भारी असो, त्याच्या डोक्यावर, पायावर चेंडू आणून देणारं कुणीतरी लागतं. डलग्लिशनं उजव्या बाजूला स्टुअर्ट रिप्लीला विकत आणलं. डाव्या बाजूला होता जेसन विल्कॉक्स, क्लबनंच तयार केलेला पोरगा. हे दोघं बाजूच्या रेषेवरून धावत जाऊन चेंडू गोलसमोर टाकायचे आणि शिअरर तो जाळ्यात धाडायचा. साधा सरळ डाव. प्रतिस्पर्ध्यांना तो ठाऊक असायचा, पण थांबवता यायचा नाही!

मग एकेक भोक बुजवणं सुरू झालं. लेफ्ट बॅक हवा होता. ग्रॅम ल सोचं चेल्सी क्लबशी फारसं जमत नव्हतं. त्याला मार्च १९९३ मध्ये सुमारे ७ लाख पौंडांना आणलं. पुढे तो इंग्लंडकडून खेळू लागला, आणि १९९७ मध्ये त्याच चेल्सीनं त्याला ५० लाख पौंड देऊन परत नेलं! नॉर्वेहून हेनिंग बर्ग नावाचा बचावपटू ४ लाखांत आला. तोही १९९७ मध्ये ५० लाखांना मँचेस्टर युनायटेडला गेला. १९९३ च्या अखेरीस चिवट मिडफिल्डर डेव्हिड बॅटी आणि गोलकीपर टिम फ्लॉवर्स आले. नुसता पैसा असता, तर ७ लाखांचा ल सो आणि ४ लाखांचा बर्ग सापडले नसते. त्याला नजर लागते.

सगळेच नेम काही लागले नाहीत. १९९३ च्या उन्हाळ्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टचा रॉय कीन ब्लॅकबर्नला येणार हे जवळजवळ नक्की झालं होतं. डलग्लिशशी बोलणं झालं, हात मिळवले गेले. पण तो होता शुक्रवार, आणि सही करायला लागणारे कागद काही मिळेनात. ठीक आहे, सोमवारी करू, असं ठरलं. मधल्या दोन दिवसांत मँचेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचा फोन आला आणि कीन तिकडे गेला! पुढे तो युनायटेडचा कॅप्टन झाला. हा किस्सा खुद्द कीननंच सांगितलाय. तेव्हा बालमित्रांनो, 'उद्या करू' म्हणणाऱ्यांनी ब्लॅकबर्नची आठवण ठेवावी.

१९९४ च्या जुलैत शेवटचा मोठा मोहरा आला. नॉरविच क्लबचा ख्रिस सटन. किंमत ५० लाख पौंड, पुन्हा ब्रिटनचा विक्रम. मैदानाचंही रूप पालटलं होतं. ईवुड पार्कच्या तीन बाजू पाडून नव्यानं बांधल्या गेल्या होत्या. तिथे आता एकतीस हजार माणसं बसू शकत होती.

त्या दिवशी दोन मैदानांवर

१४ मे १९९५. मोसमाचा शेवटचा दिवस. ब्लॅकबर्नचे ८९ गुण, मँचेस्टर युनायटेडचे ८७. जिंकायला तीन गुण, बरोबरीला एक. ब्लॅकबर्न जिंकलं तर प्रश्नच नाही. पण ते हरलं आणि युनायटेड जिंकलं, तर सगळं हातचं जाणार. आणि ब्लॅकबर्नचा सामना कुठे, तर अ‍ॅनफिल्डवर. डलग्लिशच्या जुन्या घरी, लिव्हरपूलविरुद्ध!

विसाव्या मिनिटाला शिअररनं गोल केला. हुश्श! पण दुसऱ्या अर्ध्यात लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सनं बरोबरी साधली. तिकडे लंडनमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध युनायटेडही १-१. युनायटेडचे खेळाडू गोलवर अक्षरशः तुटून पडले होते. वेस्ट हॅमचा चेक गोलकीपर मिक्लॉश्को भिंतीसारखा उभा होता. एकच गोल, आणि कप मँचेस्टरला जाणार.

इकडे अ‍ॅनफिल्डवर वेळ संपत आलेली. आणि लिव्हरपूलच्या जेमी रेडनॅपनं फ्री किकवर सणसणीत गोल मारला. २-१ ! ब्लॅकबर्नच्या लोकांचा श्वास अडकला. आणि काही क्षणांतच लंडनची बातमी येऊन थडकली. तिकडचा सामना संपला. १-१ ! युनायटेड ८८, ब्लॅकबर्न ८९. सामना हरलेली टीम मैदानावर नाचू लागली. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनीही डलग्लिशसाठी टाळ्या वाजवल्या. आणि पासष्ट वर्षांचा जॅक वॉकर मैदानात उभा राहून लहान मुलासारखा रडला.

८१ वर्षांनी ब्लॅकबर्न चँपियन! त्या मोसमात लीगमध्ये शिअररचे ३४ गोल, सटनचे १५. 'पैसे ओतून कप घेतला' असं टीकाकार म्हणालेच. खोटं नव्हतं ते. पण अर्धंच खरं होतं.

तोच मालक, तोच पैसा, तरीही...

अर्धंच खरं कशावरून? पुढची चार वर्षं बघा. विजयानंतर डलग्लिश मॅनेजरपद सोडून वरच्या जागेवर गेला. टीम हारफर्डकडे आली. त्या उन्हाळ्यात टीम बळकट करायची, तर मोठी खरेदी झालीच नाही. युरोपच्या चँपियन्स लीगमध्ये ब्लॅकबर्न आपल्या गटात शेवटचं आलं. मॉस्कोच्या सामन्यात तर बॅटी आणि ल सो या एकाच टीमच्या दोघांची मैदानावर जुंपली! जुलै १९९६ मध्ये शिअरर आपल्या गावच्या न्यूकॅसल क्लबकडे गेला. दीड कोटी पौंड! तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पैसे आले, पण शिअररच्या जागी शिअरर आला नाही. मॅनेजर बदलत राहिले, खेळाडू येत-जात राहिले. १९९९ मध्ये ब्लॅकबर्न पुन्हा खालच्या विभागात गेलं.

मालक तोच होता, तिजोरीही तीच. बदलली होती ती निवडणाऱ्याची नजर आणि टीमचा आराखडा. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारला. पुढल्याच वर्षी टीम पुन्हा वर आली आणि २००२ मध्ये तिनं लीग कपही जिंकला. पण ते बघायला तो नव्हता.

पुण्याचे मालक

आता वळू आपल्या पुण्याकडे. वॉकरच्या मागे त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टनं क्लब सांभाळला. नोव्हेंबर २०१० मध्ये ट्रस्टनं तो विकला. घेणारे होते पुण्याचे वेंकीज, म्हणजे कोंबड्या, अंडी आणि चिकनच्या धंद्यातलं मोठं नाव. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हा धंदा सुरू केला आणि त्यांच्या मुलांनी तो वाढवला. किंमत ठरली सुमारे २ कोटी ३० लाख पौंड. गिरण्यांचं गाव ज्या देशाला धोतरं विकायचं, त्याच देशातल्या उद्योजकांनी त्या गावचा क्लब घेतला. इतिहासानं केवढी मोठी कोलांटी मारली!

पुण्यात अनेकांना अभिमान वाटला. सुरुवातीला ब्लॅकबर्नकरांनाही आशा वाटत होती. पण महिनाही उलटला नाही, तोच अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढून टाकलं. टीम तेव्हा वीसमध्ये तेरावी होती. फार छान नाही, पण संकटातही नाही. त्यांच्या जागी बसवलं प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांना, ज्यांना मॅनेजरपदाचा पूर्वीचा अनुभव नव्हता. वॉकरनं जे पहिलं पाऊल टाकलं होतं, नेमकं त्याच्या उलट!

मग बातम्या येऊ लागल्या त्या ब्राझीलच्या रोनाल्डिन्योला आणण्याच्या. नाव जगप्रसिद्ध, पण टीमला त्या जागी माणूस हवा होता का? रोनाल्डिन्यो शेवटी ब्राझीलच्या फ्लेमेंगो क्लबकडे गेला. दुसरीकडे क्लबच्याच तालमीत तयार झालेला बचावपटू फिल जोन्स २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. सुमारे आठ महिन्यांनी बचावाचा आधारस्तंभ ख्रिस सांबाही रशियाला गेला. टीम ऑक्टोबर २०११ मध्ये पुण्यात आली. बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळली. तुमच्यापैकी कुणाच्या बाबांनी तो पाहिलाही असेल. पण तिकडे ब्लॅकबर्नमध्ये निषेधाच्या सभा चालू होत्या.

७ मे २०१२. धो धो पाऊस. ईवुड पार्कवर विगनविरुद्धचा सामना. त्या दिवशी कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक खरीखुरी कोंबडी मैदानात सोडली. चिडलेल्या प्रेक्षकांचा तो टोमणा होता. हसू येतं ना? पण त्याच सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत विगननं गोल केला आणि ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर पडलं. तेव्हा तिथे हसत कुणीच नव्हतं.

मालकांनी पैसे खर्च केले नाहीत का? केले की! त्याच वर्षी ८० लाख पौंड देऊन जॉर्डन ऱ्होड्स नावाचा गोल करणारा आणला. त्यानं पहिल्याच मोसमात लीगमध्ये पंचवीसहून जास्त गोल केले. तरी टीम दुसऱ्या विभागात सतरावी! कारण त्याच मोसमात मॅनेजर किती झाले बघा. स्टीव्ह कीन यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला. मग १९९५ च्या विजयी टीममधला आपला हेनिंग बर्ग आला आणि ५७ दिवसांत गेला. मग मायकेल अ‍ॅपलटन, ते ६७ दिवसांत गेले. मधल्या काळात काळजीवाहू मॅनेजर. प्रत्येकाला वेगळे खेळाडू हवेत, वेगळा डाव हवा. सोळा गवंड्यांनी मिळून भिंत बांधली, तर ती सरळ कशी उभी राहणार?

मे २०१७ मध्ये ब्लॅकबर्न तिसऱ्या विभागात घसरलं. प्रीमियर लीग जिंकलेला कुठलाही क्लब तोवर एवढा खाली गेला नव्हता.

इथे मालकांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. ते क्लब टाकून पळाले नाहीत. तोटा होत असतानाही वर्षानुवर्षं पैसे देत राहिले. पण पैसे देणं आणि टीम घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे शिकायला फार वर्षं गेली.

पुन्हा शहाणपण

त्या घसरणीच्या काही महिने आधीच टोनी मोब्रे नावाचे शांत, अनुभवी मॅनेजर आले होते, आणि या वेळी ते पाच वर्षं टिकले. त्यांनी तिसऱ्याच विभागातल्या गिलिंगहॅम क्लबचा ब्रॅडली डॅक हेरला. वर्षभरातच क्लब पुन्हा दुसऱ्या विभागात आला आणि डॅक त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सुमारे साडेसतरा लाख पौंडांना आणलेला अ‍ॅडम आर्मस्ट्राँग २०२१ मध्ये सुमारे दीड कोटीला गेला. कुठे? साउदॅम्प्टनला, जिथून शिअरर आला होता!

आणि आता एक गंमत. वॉकरनं आपल्या काळात ब्रॉकहॉल इथे क्लबची अकादमी उभी केली होती. मुलांसाठी मैदानं, प्रशिक्षक, सगळं काही. तिचा तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही, कारण सगळ्यांचं लक्ष शिअररकडे. पण तिथूनच पुढे फिल जोन्स निघाला. आणि तिथेच सहा वर्षांचा एक पोरगा सरावाला येऊ लागला. जन्मानं ब्लॅकबर्नचाच, नाव अ‍ॅडम व्हार्टन. वॉकर वारला तेव्हा हा जन्मलाही नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेस क्लबनं त्याला १ कोटी ८० लाख पौंडांना घेतलं. काही महिन्यांतच तो इंग्लंडकडून खेळला, आणि २०२५ मध्ये पॅलेसनं एफए कप जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात मधल्या फळीत तोच होता. शिअररला आणायला ३३ लाख लागले. व्हार्टनला आणायला काहीच लागलं नाही. तो गल्लीतच होता. फक्त कुणीतरी त्याच्यासाठी वेळेवर मैदान बांधून ठेवलेलं होतं.

आता तुमची टीम!

तर दोस्तांनो, कागद-पेन्सिल घ्या. तुमच्या आळीची किंवा वर्गाची टीम लिहून काढा. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, फुटबॉल, काहीही चालेल. आता आपले श्रीमंत काका आलेत असं समजा, आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. पहिला, टीम निवडायचं काम कुणावर सोपवाल, आणि एकदा सोपवल्यावर त्याला किती दिवस देणार? दुसरा, टीममध्ये नेमकं भोक कुठे आहे? 'सगळ्यात भारी खेळाडू' हे उत्तर चालणार नाही; जागा सांगायची. तिसरा, शेजारच्या आळीतून खेळाडू आणण्याआधी, तुमच्याच आळीतल्या कुणाला आजवर नुसतं बाहेर उभं राहून चेंडू आणून द्यायला लावलंय?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना जरा खिडकीतून बाहेर बघा. तो आत्ताही कदाचित तिथेच उभा असेल.